आणखी एक जोडपे

बाई माझ्या क्लासमध्ये शिरल्या, मुलांच्या मागून वाट काढत थेट माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मला लग्नाचा फॉर्म करून दे. शिमग्याच्या आत."

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"सगळ्यांचं," त्या म्हणाल्या आणि पंख्याखाली बसून घाम पुसायला लागल्या.

बाई मोखाड्याच्या आश्रमशाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांची एक छोटी संस्था होती. दर उन्हाळ्यात ती पाड्यापाड्यांतल्या जोडप्यांची सामुदायिक लग्नं लावायची. आमच्या डोंगरात दोन घरांची पसंती झाली की मुलगी नांदायला येते. मांडव, जेवण, हळद हे सगळं पुढे कधीतरी, जमेल तेव्हा. मधल्या काळात मुलं होतात, मुलांची मुलं होतात. कोणी बोट दाखवत नाही, कारण बोट दाखवणाऱ्याच्या घरीही तेच असतं. सरकारची या लग्नांसाठी एक योजना होती. जोडप्यांची यादी जव्हारच्या कार्यालयातून मंजूर झाली की मांडव, भांडी, साड्या यांना मदत मिळायची.

त्या वर्षी कार्यालयाने कागदावरचे अर्ज बंद केले. आदल्या वर्षी काही जोडपी दोन-दोन संस्थांच्या यादीत सापडली होती. ठाण्याहून चौकशी आली, कारण तेव्हा आमचा जिल्हा ठाणेच होता, आणि कार्यालयातल्या साहेबांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं गेलं. साहेबांनी तेव्हाच ठरवलं की आता अर्ज इंटरनेटवरून येतील आणि दुसऱ्यांदा आलेलं नाव कॉम्प्युटर स्वतः अडवील. पण तसा फॉर्म बनवून द्यायला माणूस नव्हता. बाईंनी माझं नाव सांगितलं.

मी नाशिकला डिप्लोमा करून परतले होते. जव्हारात कापडाच्या दुकानावरच्या माडीवर माझा कॉम्प्युटरचा क्लास चालायचा. वडील तहसीलमध्ये कारकून, शेती साखरशेतला. गावाकडच्या काकूंना मी नक्की काय करते ते कळत नसे. "पोरगी टीव्हीसमोर बसून पोरांना शिकवते," असं त्या सांगायच्या. मी तोवर शाळांच्या गुणपत्रिकांचे प्रोग्राम केले होते. हे काम मोठं होतं आणि मला ते मनापासून हवं होतं.

पहिला फॉर्म मी झटक्यात केला. एका ओळीत एक जोडपं: वराचं नाव, वधूचं नाव, दोघांच्या वडिलांची नावं. तालुका निवडला की त्याच तालुक्याची गावं पुढच्या रकान्यात यायची, गाव निवडलं की त्याचेच पाडे. ओळ संपली की खाली एक बटण: 'आणखी एक जोडपे जोडा'. बटण दाबलं की तशीच कोरी ओळ उघडायची. एखादं नाव दुसऱ्यांदा आलं की ओळ थांबायची आणि लाल अक्षरं यायची, 'हे नाव आधीच नोंदवलेले आहे.' त्या काळात फोनच्या लाइनवरून तालुका बदलायचा म्हणजे अख्खं पान पुन्हा उतरायची वाट पाहायची. तरी मला ते फार देखणं वाटत होतं.

साहेबांना दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी आधी स्वतःचंच नाव दोनदा टाकून पाहिलं. लाल अक्षरं आली. साहेब खूश झाले. शिपायाला चहा सांगितला.

"आता माझं एक घर टाक," बाई म्हणाल्या. "वावर गावाकडचं वांगणी. बाप आणि मुलगा."

मी बापाची ओळ भरली. बटण दाबून मुलाची ओळ उघडली. वराच्या वडिलांचं नाव टाकलं आणि ओळ थांबली. लाल अक्षरं.

"बरोबर," साहेब म्हणाले. "हेच तर हवं होतं."

"काय बरोबर? बाप आहे तो त्याचा!"

"बाई, बाप नवरदेव कसा असेल?"

"कारण त्याचं लग्न राहिलंय. तो आणि त्याची बायको पंचवीसेक वर्षं एका घरात आहेत, चार मुलं आहेत. हळद लागलेली नाही. ती लागल्याशिवाय मुलाला लावता येत नाही म्हणून दोघांचं एकाच मांडवात करायचंय."

साहेबांनी चष्मा काढला. ते सांगलीकडचे होते, आमच्या भागात येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. माणूस वाईट नव्हता, पण चौकशीने धास्तावलेला होता. "एकाच मांडवात बाप आणि मुलगा," ते म्हणाले. "आणि अपत्यांच्या रकान्यात चार. ठाण्याला काय सांगू मी?"

"आहे ते सांगा."

मग साहेब माझ्याकडे वळले. "हे पाहा मॅडम. फॉर्मने घेतलं तर मी सही करीन. फॉर्मने अडवलं तर कोणी माझ्याकडे रडत यायचं नाही. आणि एक रकाना वाढवा. वधूची संमती. मागच्या वेळी दोन मुलींना पत्ताच नव्हता आपलं नाव दिलंय ते. भरणाऱ्याने वधूला स्वतः विचारायचं, तिच्या तोंडून ऐकायचं, मगच हो किंवा नाही दाबायचं. नाही आलं तर ती ओळ रद्द."

म्हणजे कोण मांडवात बसणार आणि कोण नाही हे आता माझ्या फॉर्मवर आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बाई मला जीपने वांगणीच्या बाजूला घेऊन गेल्या. रस्ता संपला तिथून चालत. घर नीटनेटकं होतं, अंगणात शेण सारवलेलं. बाप अंगणात दोर वळत होता. तसा म्हातारा नव्हता, पण आजारातून उठल्यासारखा दिसत होता. मुलगा भिवंडीकडे वीटभट्टीवर असायचा, शिमग्यासाठी आला होता. त्याची बायको, म्हणजे हळद व्हायची होती ती मुलगी, पोटुशी होती आणि दिवस भरत आले होते.

"सेठ जादा छुट्टी देत नाय," मुलगा म्हणाला. "ह्या मांडवात झालं तर झालं, ताई. पोराच्या आधी नाय तर पोराच्या मागं, पण ह्याच साली पाहिजे. मग मी तिला घेऊन भट्टीवर जाईन."

"आमची हळद झाल्याशिवाय ह्याला हळद कशी लावायची?" बाप म्हणाला. "म्हणून आमचं पण लिवा."

आई मागच्या पडवीत नाचणी पाखडत होती. आम्हाला तांब्या आणून दिला, पुन्हा जाऊन बसली. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. सूप एका लयीत वाजत राहिलं.

परतताना जीपमध्ये मला उलगडलं. माझ्या फॉर्ममध्ये ओळ जोडप्याची होती, आणि माणूस त्या ओळीत कोंबलेला होता. ते उलटं हवं होतं. आधी माणसं, प्रत्येक माणूस एकदाच. मग त्या माणसांमधून जोडपी निवडायची. एक माणूस वर किंवा वधू एकदाच होईल, पण बाप किंवा आई कितीही वेळा. जोडप्याच्या खाली मुलांच्या ओळी, 'आणखी एक अपत्य' म्हणत वाढत जाणाऱ्या. आणि मुलगा स्वतः नवरदेव असेल तर त्याची ओळ आई-बापाच्या ओळीला बांधलेली. आई-बापाचं लग्न 'पूर्वी झालेले' किंवा 'याच मांडवात' असेल तरच मुलाची ओळ पुढे सरकेल. रीत त्यांची, तशीच फॉर्मची.

मी तसा फॉर्म केला. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. साहेबांनी वांगणीचं घर स्वतः टाकून पाहिलं, फॉर्मने घेतलं, ते पुसलं आणि म्हणाले, "आता कोणी बोट दाखवू शकणार नाही." एक त्यांनी आणखी करून घेतलं. शेवटच्या दिवशी कार्यालय सुटायच्या वेळेला फॉर्म आपोआप बंद होईल. नंतर कोणाच्या ओळखीने एकही ओळ आत जायला नको.

जव्हारात नोंदणी सुरू झाली आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी रस्त्याच्या खोदकामात टेलिफोनची केबल तुटली. अख्ख्या जव्हारचे फोन मुके. बाईंनी निरोप पाठवले, ज्यांची नोंद राहिली त्यांनी उद्या मोखाड्याला या, पंचायत समितीतली लाइन चालू आहे. फॉर्मची फ्लॉपी पर्समध्ये टाकून मी पहिली एसटी पकडली.

मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. पंचायत समितीच्या व्हरांड्यात माणसं दाटली होती, कडेवर पोरं, हातात बाजाराच्या पिशव्या. आत एकच कॉम्प्युटर, एकच फोन. फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावली की इंटरनेट, पुन्हा फोनला लावली की फोन. मोबाइलला तिथे तेव्हा रेंज नव्हती. मी एकामागून एक घरं भरत होते. लाइन मध्येच जायची, कर्र आवाज करत पुन्हा जोडली जायची, आणि प्रत्येक वेळी बाई घड्याळाकडे बघायच्या.

वांगणीचं घर आलं तेव्हा उन्हं कलली होती. त्यांना जीपच मिळाली नव्हती. बाप, आई, मुलगा, त्याची बायको. चौघांना आत घेतलं. मी माणसं भरली, आई-बापाची जोडी निवडली, खाली चार मुलं टाकली, शेवटी मुलाची जोडी. उरला संमतीचा रकाना. त्या दिवशी तो प्रश्न मी इतक्यांदा विचारला होता की तोंडातून आपोआप निघत होता.

"मावशी, या लग्नाला तुमची संमती आहे ना? हो की नाही ते तुमच्या तोंडून सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाय म्हटलं तर काय होतं?"

"नाही म्हटलं तर तुमचं लग्न यादीत येणार नाही."

"मग नाय."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. बाई हसल्यासुद्धा. पण ती हसत नव्हती.

"अगं काय नाय?" नवरा पुढे झाला. "ताईला हो सांग. येळ जातो."

"तू गप," ती त्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरं झाली, भात लावला, नाचणी काढली, ह्याच्या आईचं हागणं-मुतणं मी काढलं. तवा कोणी इचारलं नाय. हा उंबरगावला बोटीवर गेला, तिथं दुसरी केली, पाच-सा पावसाळे तोंड दावलं नाय, तवा पण कोणी इचारलं नाय. दुखणं घेऊन परत आला. घर त्याचं पण हाय, म्हणून घरात घेतला. हळदीला नाय घेणार. तू इचारलंस म्हणून सांगते."

नवऱ्याची मान खाली गेली. मुलगा आईकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं, हे त्याला ठाऊक होतं, फक्त कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. "ती रागात आहे. तू हो दाब. मी तिला समजावते."

"बाई, तिने नाही म्हटलंय."

"तिची ओळ गेली की मुलाची जाते. ठाऊक आहे ना तुला? तूच बांधलीस."

ठाऊक होतं. बाईंना मी लहानपणापासून मान देत आले होते. आयुष्यभर त्यांनी मुलींसाठी भांडणं केली होती, आणि आज त्याच मला एका बाईचं 'नाही' गिळायला सांगत होत्या, तेही दुसऱ्या एका मुलीसाठी, जी भिंतीला टेकून उभी होती आणि जिला उभं राहवत नव्हतं. मी उठून तिला माझी खुर्ची दिली. मग उभ्यानेच पुन्हा विचारलं, "मावशी, नक्की?"

"नक्की."

मी 'नाही' दाबलं. आई-बापाची ओळ करडी झाली. खालची मुलाची ओळही करडी झाली. आणि मधल्या चार ओळी पडद्यावरून गेल्या.

तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी गेलेल्या तिला दिसल्या. "त्या कुठं गेल्या?" तिने बोट दाखवून विचारलं. "त्या कशाच्या होत्या?"

"मुलांच्या होत्या, मावशी. लग्नाच्या खाली मुलं लिहिली होती. लग्न गेलं म्हणून..."

"पोरं माझी हायत," ती म्हणाली. आता मात्र तिचा आवाज कापला. "लगीन नाय केलं म्हणून पोरं जातात? पोटातून काढली ती काय मांडवातून काढली?"

मुलगा तिच्यापाशी खाली बसला. "आये, माझं काय मग? हिला तशीच भट्टीवर नेऊ?"

"तुझ्या लग्नाला माझी ना नाय रं," ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "माझ्या लग्नाला ना हाय."

तेवढ्यात खुर्चीतली मुलगी बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "त्यांच्या मनात नाय तर नको. पण धवलेरीला तरी इचारा. ती भाईर बसलीय."

धवलेरी म्हणजे वारल्यांची लग्नं लावणारी बाई. तिने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. त्या दिवशी ती आपल्या नातीची नोंद करायला आली होती आणि व्हरांड्यात तंबाखू मळत बसली होती. मुलगा धावत गेला. मी आणि बाई त्याच्या मागे. त्याने अडखळत सगळं सांगितलं. धवलेरीने ऐकून घेतलं, तंबाखू तोंडात टाकली.

"चुलता हाय का तुला?"

"हाय."

"त्याची हळद झाली?"

"मागल्या साली. बाईंच्याच मांडवात."

"मग चुलता-चुलती बसतील पुढं. मन नसलेलं माणूस देवापुढं बसवायचं नसतं. मी गाईन."

एवढंच. रीत सुटली. पण फॉर्म सुटला नव्हता. मुलाची ओळ आई-बापाच्याच ओळीला बांधलेली होती, चुलत्याला तिथे जागाच नव्हती. आणि जागा केली तरी साहेबांना विचारल्याशिवाय करणं म्हणजे त्यांचा शब्द मोडणं. मी कॉम्प्युटरची वायर काढली, फोनला लावली. जव्हारचे फोन सकाळपासून एक-एक करत जिवंत व्हायला लागले होते, असं एसटीतून आलेल्या कोणीतरी सांगितलं होतं. मी नंबर फिरवला. काहीच नाही. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा घंटी वाजली.

बाई बोलल्या, सगळं सांगितलं. पलीकडून साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आई-बाप हयात असताना चुलता? अहो, ठाणे पहिला प्रश्न हाच विचारील!" बाई वाद घालू लागल्या. घड्याळ पुढे चाललं होतं. मी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. तसं मी कधी केलं नव्हतं.

"साहेब, संमतीचा रकाना तुम्हीच घालायला लावलात. मी विचारलं, त्या नाही म्हणाल्या. त्यांच्या नाहीने दुसऱ्याच मुलीचं लग्न मोडणार असेल तर पुढच्या वर्षी कोण नाही म्हणेल? सगळ्या हो म्हणतील. मग तो रकाना कशाला?"

मला वाटलं लाइन गेली.

"फॉर्म घेतो का?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"मी बदलला तर घेईल."

"मग बदला. पण आई-वडिलांच्या जागी दुसरं कोणी आलं की कारण लिहावंच लागेल असं करा. कारण कोरं असेल तर ओळ थांबली पाहिजे. आणि वेळ मी वाढवणार नाही."

फोन ठेवला. फ्लॉपी घातली. साध्या नोटपॅडमध्ये फॉर्म उघडला. मुलांच्या ओळी जोडप्यापासून सोडवल्या आणि आईच्या नावाला बांधल्या. ते करायला मला वाटलं होतं त्याहून फार कमी लागलं. मग मुलाच्या ओळीत तिसरा पर्याय, 'आई-वडिलांच्या जागी अन्य विवाहित नातेवाईक'. तो निवडला की नातं आणि कारण हे दोन रकाने उघडतील, एरवी दिसणार नाहीत. मागे बाई उभ्या होत्या. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

वायर पुन्हा कॉम्प्युटरला. कर्र, कर्र, मग शांतता. लाइन बिझी. पुन्हा. या वेळी लागली. फाइल वर जायला लागली, पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. कोणीतरी दार ढकलून आत डोकावलं, बाईंनी हातानेच त्याला बाहेर काढलं. पट्टी सरकली. पान पुन्हा उघडलं, माणसं पुन्हा भरली. आईचं नाव, त्याखाली चार मुलं.

"आल्या का ओळी?" तिने विचारलं.

"आल्या. आता तुमच्याच नावाखाली आहेत."

ती पडद्याजवळ वाकली आणि चारही ओळी बोटाने मोजल्या. मी मुलाची जोडी पुन्हा निवडली, चुलता-चुलती टाकली, नातं टाकलं. कारण? मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "आहे ते लिही." मी लिहिलं, 'आईची स्वतःच्या विवाहास संमती नाही. मुलाच्या विवाहास आहे.' खुर्चीतल्या मुलीला तिची संमती विचारली. ती "हो" म्हणाली. 'पाठवा' दाबलं.

पान कोरं झालं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग हिरवी अक्षरं.

त्यानंतर मी आणखी एकच घर भरू शकले. दुसरं अर्ध्यावर असताना फॉर्म बंद झाला. ती माणसं मोऱ्हांड्याची होती. त्यांची नोंद त्या वर्षी राहिलीच. बाईंनी त्यांचे हात धरून माफी मागितली.

मी बाहेर आले तेव्हा बाप पायरीवर एकटा बसला होता. मी त्याच्यापाशी थांबले.

"माझ्या पोराच्या हळदीला मी कुठं बसू?" त्याने विचारलं. माझ्याकडे नव्हे, समोर बघत. मग उठून जीपच्या दिशेने निघाला. मला त्या क्षणी त्याची दया आली, आणि त्यासाठी मी तिच्यावर जराही नाराज झाले नाही. दोन्ही एकदमच वाटत होतं.

मंजूर यादी यायला फार दिवस लागले. मध्ये साहेबांना ठाण्याला बोलावणं आलं आणि बाईंनी माझ्या क्लासच्या चकरा मारायला सुरुवात केली. मी मुलांना शिकवत असायचे आणि त्या दारात उभ्या राहून नुसती मान हलवायच्या, अजून नाही. चुलत्याची ओळ खोडली तर? कारणावर कोणी हसलं तर? साहेब परत आले तेव्हा यादी त्यांच्या बॅगेत होती. वांगणीची ओळ त्यात होती. त्यांनी फक्त इतकं सांगितलं की मोठ्या साहेबांनी ते कारण दोनदा वाचलं आणि पुढचं पान उलटलं.

लग्नं मोखाड्याच्या शाळेच्या मैदानात लागली. मुलगी आली तेव्हा तिचं बाळंतपण होऊन गेलं होतं. धवलेरी तिच्या दोन साथिणींसह गायला बसली. चुलता-चुलती पाटावर, त्यांच्या मागे आई, कडेवर नात घेऊन. तिने अंगाला हळद लावून घेतली नाही, पण नातीच्या गालाला बोटभर लावली. बाप मांडवाच्या बाहेर आंब्याखाली उभा होता. जेवणाच्या वेळी चुलता जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आला आणि आपल्या शेजारी बसवलं. मुलाने त्याला वाढलं. तो पोटभर जेवला.

फॉर्म आणखी काही वर्षं तसाच चालला. बाई स्वतः प्रश्न विचारायला बसू लागल्या, आणि विचारून झालं की हातातला पंखा खाली ठेवून उत्तराची वाट बघायच्या. कोणी नाही म्हटलं तर पुढे काही न बोलता मला खूण करायच्या. असं फार वेळा झालं नाही, पण झालं.

वांगणीची आई मला एकदा जव्हारच्या बाजारात भेटली. मुलगा-सून भट्टीवर होते, नात तिच्याजवळ होती. मी चौकशी केली.

"बरा हाय तो," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "आता त्यानं सोताच इचारलं. चुलीपुढं बसून."

"काय?"

"लगीन करशील का म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, नाचणी निघू दे, मग बघू." ती हसली आणि नातीला ओढत मिरचीवाल्याकडे वळली.

त्या दिवाळीनंतर माझं लग्न ठरलं आणि मी नाशिकला गेले. क्लास धाकट्या बहिणीकडे दिला. वांगणीला त्या साली नाचणी चांगली आली होती, एवढं बहिणीने मला कळवलं.